खताची चाचणी आमच्या वावरात घ्या, पाऊस हुकलेल्या सालातही घ्या

प्रति,
संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीचे सर्व सदस्य,
राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठे

सन्माननीय शास्त्रज्ञहो, सप्रेम नमस्कार.

दरवर्षी चारही विद्यापीठांचे लोक एकत्र बसतात आणि राज्यातल्या कास्तकारांसाठी शिफारशी मंजूर करतात. या बैठकीला सगळे जॉइंट अ‍ॅग्रेस्को म्हणतात. तिथे ठरलेला आकडा पुढे विद्यापीठाच्या डायरीत छापला जातो, कृषी सहायकाच्या वहीत उतरतो, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर सांगितला जातो आणि शेवटी आमच्या तिफणीच्या चाड्यात येऊन पडतो. खरीप ज्वारीला हेक्टरी 80 किलो नत्र (नायट्रोजन), 40 किलो स्फुरद (फॉस्फरस), 40 किलो पालाश (पोटॅश). नत्र अर्धे पेरणीला, उरलेले महिन्याभराने, हा दुसरा हप्ता. कोरडवाहू गव्हाला 40 किलो नत्र, 20 किलो स्फुरद, सगळे पेरतानाच. हे आकडे मला पाठ आहेत आणि त्यांच्यामागे बरीच वर्षे केलेले काम आहे, हेही मला माहीत आहे. मी नागपुरात राहतो, शेती काटोल तालुक्यात आहे. ज्वारी, तूर, थोडी पऱ्हाटी (कपाशी) आणि ओल राहिली तर बन्सी गहू. विहिरीचे पाणी संत्र्याच्या झाडांना लागते, धान्याची पिके पूर्णपणे पावसावर.

माझी मागणी एका वाक्यात सांगतो. कोरडवाहू धान्यपिकांच्या खताच्या चाचण्या कास्तकाराच्या वावरात घ्या, मातीची खोली आणि पावसाची तारीखवार नोंद धरून घ्या, वाईट सालाचे निकालही तितक्याच ठळकपणे छापा आणि त्यावरून दुसऱ्या हप्त्याची शिफारस पावसाच्या अटीसह द्या. आज एकच आकडा मिळतो. तो ओल असेल असे गृहीत धरतो.

नागपूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी 1000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्यामुंबईच्या माणसाला हे ऐकून वाटते, इथे कोरडवाहूचे दुखणे कसले? दुखणे खंडाचे आहे. मृगात पेरले, आषाढात पाणी साचून वावर चिबडले आणि श्रावणात दोन-तीन आठवडे आभाळ नुसते पाहत बसायचे, हे आमच्याकडे नवे नाही. ज्वारीचा दुसरा हप्ता नेमका त्या खंडाच्या तोंडावर येतो. खत टाकायचे की थांबायचे, हा निर्णय कास्तकार धुऱ्यावर उभा राहून एकटा घेतो, आणि त्या क्षणी डायरीतला आकडा त्याला काहीच सांगत नाही.

त्यात एका वावराची माती सारखी नसते. माझ्या वावराचा वरचा अंग बरड आहे. वखर चालवताना पास मुरमाला लागून खर्र वाजते, इतकी माती पातळ, फार तर वीतभर. खाली नाल्याकडे गेलो की तीच काळी माती कमरेइतकी खोल होते; नाल्याच्या कापलेल्या काठात तिचा थर उघडा दिसतो, वर काळा, मध्ये चुनखडीचे पांढरे खडे, तळाला मुरूम. सातबारा एक, गट नंबर एक, खताची शिफारसही एक. पण चांगली काळी माती मीटरभर खोलीला पिकाच्या उपयोगी पडेल असे साधारण 150 ते 200 मिलिमीटर पाणी धरते, आणि वीतभर मातीत त्याचा पाचवा हिस्सा धड मावत नाही. ज्वारी निसवण्याच्या, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या सुमारास दिवसाला 5 मिलिमीटरच्या आसपास पाणी ओढते. हिशेब तोंडीच होतो. पाऊस थांबला की वरच्या अंगाला आठवडाभरात कोरड पडते, खालच्या अंगाची ज्वारी महिनाभर तग धरते. या दोघींना नत्राची मात्रा एकच कशी?

मी माझ्यापुरते पट्टे सोडून पाहिले आहेत. पेरणीचे खत सगळीकडे सारखे दिले. दुसरा हप्ता एका पट्ट्याला दिला, शेजारच्याला दिला नाही. पट्टे वरच्या बरडापासून नाल्यापर्यंत उताराच्या दिशेने लांबच लांब घेतले, म्हणजे प्रत्येक पट्टा दोन्ही मातींतून जाईल. ज्या साली खंड पडला, त्या साली बरडावर युरियाचा पट्टा लांबून ओळखू यायचा. पाने हिरवीगार, रुंद, आणि दुपार झाली की सुरळी होऊन उभी. शेजारचा पट्टा फिकट, पाने अरुंद, पण दुपारीही उघडी. कापणीला युरियाच्या पट्ट्यातली कणसे हातात घेतली तर दाणा चिमलेला, चोळला की भुसाच जास्त. फिकट पट्ट्यातली कणसे लहान होती, पण दाणा टणक. खाली नाल्याकडे नेमके उलटे झाले. तिथे दुसऱ्या हप्त्याने कणीसही भरले आणि कडबाही वाढला. एकच वावर, एकच पाऊस, उत्तरे दोन.

याला पुरावा म्हणायचा माझा दावा नाही. एका वावरातले पट्टे, पुनरावृत्ती नाही, कोणता पट्टा कुठे हे माझे मीच ठरवलेले. म्हणूनच तर हे पत्र लिहितो आहे. एकट्या कास्तकाराला जे नुसते दिसते, ते खरे की योगायोग, हे ठरवण्याची विद्या तुमच्याकडे आहे.

खत कमी द्या किंवा देऊच नका, असे मी म्हणत नाही. उपाशी पीक पाणी वाचवते हाही भ्रम आहे. पान वाढले नाही तर जमीन उघडी राहते आणि ओल उन्हाने उडून जाते, पिकाच्या कामी येत नाही. पेरणीला दिलेले स्फुरद आणि थोडे नत्र रोपाला लवकर पाय रोवायला लावते, मुळे खाली जातात आणि खालची ओल गाठतात. कोरडवाहूत पेरणीच्या खताचे काम मोठे आहे. प्रश्न त्यानंतरच्या नत्राचा आहे. ते पानांचा पसारा वाढवते, पसारा पाणी खर्चतो, आणि निसवण्याच्या आधीच जमिनीतली पुंजी संपली तर दाणा भरायला काही उरत नाही.

इथे पैशाचा हिशेब कास्तकाराला चकवतो. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे एक किलो नत्र सुमारे 13 रुपयांना पडते. ज्वारीचा दुसरा हप्ता शिफारशीप्रमाणे एकरी 16 किलो नत्राचा, म्हणजे 35 किलो युरिया, म्हणजे जेमतेम 200 रुपयांचा माल. 2025-26 साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,699 रुपये आहे. बाजारात तो मिळतोच असे नाही, पण तोच धरला तर पाच-सहा किलो ज्यादा दाण्यात युरियाचे पैसे सुटतात. म्हणून प्रत्येकाला वाटते, टाकून तर पाहू, जाऊन जाऊन काय जाईल? जाते ती ओल. त्या 200 रुपयांच्या युरियाने बरडावरचा एक क्विंटल दाणा बुडाला तर नुकसान पोत्याच्या किमतीत मोजून कसे चालेल? तुमच्या चाचण्यांत नफ्या-खर्चाचे गुणोत्तर काढतात ते चांगल्या आणि वाईट सालांची सरासरी धरून. आमच्यासारख्याला सरासरीवर जगता येत नाही. वाईट साली किती बुडते, हा आकडा वेगळा हवा.

स्फुरदाची गोष्ट उलटी. नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेल्या डीएपी खताची 50 किलोची गोणी 1,350 रुपयांची. त्यातल्या नत्राची किंमत वजा केली तरी स्फुरद किलोला पन्नास रुपयांच्या वर जाते. म्हणून हात आखडतो तो स्फुरदावर आणि सुटतो तो युरियावर. आमच्या चुनखडीच्या, विम्ल (अल्कधर्मी) मातीत स्फुरद चुन्याशी बांधले जाते, ते मुळांजवळ पडले तरच पिकाला मिळते. दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली आणि जरा बाजूला पेरलेले अर्धे स्फुरद, फेकलेल्या पूर्ण मात्रेइतके काम करते का? कोरडवाहू कास्तकाराच्या दृष्टीने याहून मोलाची चाचणी मला सुचत नाही. कुणी बियाण्यातच युरिया मिसळून एकाच चाड्यातून पेरतो आणि उगवण मार खाते. कुणी कोरड्या काळ्या रानावर युरिया फेकून पावसाची वाट पाहतो आणि त्यातले काही नत्र अमोनिया होऊन उडून जाते. किती द्यावे याइतकेच कसे आणि कधी द्यावे, हेही चाचणीत तपासले पाहिजे.

गव्हाचे थोडक्यात सांगतो. कोरडवाहू गहू पेरल्यावर वरून खत देता येत नाही, कारण वरची माती महिन्याभरात भुगा होते. जे द्यायचे ते पेरतानाच, आणि ओलीपर्यंत पोचेल इतके खोल. तिथे चाचणीचा प्रश्न सरळ आहे: पेरणीच्या दिवशी किती खोलीवर किती ओल आहे, त्यावरून मात्रा ठरवता येईल का? गिरमिटाने छिद्र पाडून माती मुठीत दाबून बघायला कास्तकाराला पाच मिनिटे लागतात. ओल दोन फुटांपर्यंत आहे तर इतके, फूटभरच आहे तर इतके, असा साधा तक्ता तुम्ही दिलात तर तो आमच्या गावात प्रत्येक घरात भिंतीवर लागेल.

मृद आरोग्य पत्रिकेबद्दल बोललेच पाहिजे, कारण खताचा विषय काढला की तीच पुढे केली जाते. 19 फेब्रुवारी 2015 ला ही योजना सुरू झाली. पत्रिकेत 12 बाबी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मातीची खोली त्यात नाही. सुरुवातीला बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना आणि कोरडवाहूत 10 हेक्टरला एक, असा निकष होता. 2015-16 च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी धारणा 1.34 हेक्टर आहे, म्हणजे एका नमुन्याखाली सात कास्तकार. जिथे दहा पावलांवर जमीन बदलते, तिथेच नमुना विरळ. पत्रिका निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. जस्ताची कमतरता मला तिच्यामुळेच कळली. पण कोरडवाहूत पहिला प्रश्न माती किती खोल हा आहे, आणि तो तिने विचारलेलाच नाही.

आणि गंमत बघा, असे म्हणवत नाही, कारण याचे मला फार वाईट वाटते: लागणारी सगळी सामग्री आपल्याकडे आहे. मातीचे सर्वेक्षण करणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो 1976 पासून इथेच, नागपुरात, अमरावती रोडवर आहे. देशभरच्या मातीचे नकाशे तिथे तयार होतात. महाराजबागेजवळचे कृषी महाविद्यालय 1906 पासूनचे. अकोल्याला 1988 पासून ज्वारी-गहू या क्रमावर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. नुसते नत्र देत राहिले तर उत्पादन कसे घसरते आणि शेणखताची जोड दिली तर जमीन कशी टिकते, हे त्याने दाखवून दिले. 1970 पासून कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प आहे आणि त्याचे केंद्र अकोल्यात आहे. महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांत बसली आहेत, पाऊस रोज नोंदवला जातो. पीक विम्यासाठी दर हंगामात गावोगावी पीक कापणी प्रयोग होतात, म्हणजे वावराचा ठरावीक तुकडा कापून उतारा मोजतात. माती एका कार्यालयात, पाऊस दुसऱ्यात, उतारा तिसऱ्यात. कास्तकाराच्या हाती हे तिन्ही एकत्र येत नाही आणि खताची शिफारस या तिघांच्या बेरजेवर छापलेली मला आजवर दिसली नाही.

पीक कापणीची ही पद्धत शास्त्रशुद्ध झाली त्यात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या आपल्याच संख्याशास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. कोणते गाव, कोणते वावर, वावरातला कोणता तुकडा, हे माणसाच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक आकड्यांनी ठरवायचे, हा त्यांचा आग्रह होता. तोच आग्रह खताच्या वावरातल्या चाचणीत का नसावा? आमच्याकडे येतात ती प्रात्यक्षिके. रस्त्यालगतचे चांगले वावर निवडायचे, शक्यतो विहीर असलेले, पूर्ण खत द्यायचे, फलक लावायचा आणि शेतदिन साजरा करायचा. शेजारी बिगरखताचा पट्टाच नाही, तर वाढले ते कशाने? खताने, मातीने की त्या कास्तकाराच्या मेहनतीने? इंग्लंडात रोथॅमस्टेडला गव्हाचे एक वावर आहे, तिथे 1843 पासून एक पट्टा बिगरखताचा पेरत आले आहेत, आजही पेरतात. त्या उपाशी पट्ट्याशिवाय बाकीच्या पट्ट्यांचे आकडे मुके राहिले असते.

मला हवी ती चाचणी अवघड नाही. एका मंडळातली वीसेक वावरे घ्या, बरड, मध्यम आणि खोल अशी वाटणी करून, आणि प्रत्येक वाटणीतली वावरे चिठ्ठ्या टाकून काढा. प्रत्येक वावरात चार पट्टे: बिगरखत, फक्त पेरणीचे खत, पूर्ण शिफारस, आणि चौथा, ज्यात दुसरा हप्ता ओल पाहूनच द्यायचा, नाही तर सोडून द्यायचा. कोणता पट्टा कुठे, हेही चिठ्ठीने. प्रत्येक वावर ही एक पुनरावृत्ती धरा. काठाच्या ओळी सोडून मधल्या ओळी कापा, कारण शेजारच्या पट्ट्याचे खत आणि मोकळी हवा काठाला मिळते. दाणा वाळवून तोला आणि कडब्याचेही वजन घ्या. कडबा विसरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ज्याच्या दारात बैलजोडी किंवा दोन दुभती जनावरे आहेत, तो ज्वारी निम्मी कडब्यासाठी पेरतो. दाण्यात तोट्याची दिसणारी मात्रा कडब्यासह फायद्याची ठरू शकते आणि हे तुमच्या तक्त्यात आले नाही तर निष्कर्ष आमच्या उपयोगाचा राहत नाही. गावात साधा पर्जन्यमापक ठेवा. मंडळाच्या केंद्रावर पाऊस पडतो आणि आमच्या शिवारात थेंब नाही, असे कितीदा होते.

मग पाऊस हुकला तर चाचणी वाया गेली असे लिहून फाइल बंद करू नका. आमच्यासाठी तेच साल सर्वांत बोलके असते. तीन सालांत एक खंडाचे, एक चिबडाचे आणि एक बरे निघाले, तर तिन्ही वेगवेगळी छापा. ती बेरीज करून तिनाने भागू नका.

बिगरखताचा पट्टा द्यायला कास्तकार का कू करतो, हेही लक्षात घ्या. त्याच्या घरचे धान्य त्यात असते. त्या पट्ट्याची तूट पूर्ण शिफारशीच्या पट्ट्याशी मोजून भरून द्या, तेही त्याच हंगामात. ही रक्कम एका शेतदिनाच्या मांडवाच्या खर्चाहून फार मोठी होणार नाही. रानडुकरे आणि रोह्यांनी (नीलगायींनी) ज्वारी आधीच आमच्या भागातून हुसकली आहे, सोयाबीनने उरलेली जागा घेतली. ज्यांनी अजून ज्वारी धरून ठेवली आहे, त्यांना निदान खताचा निर्णय तरी अंदाजावर घ्यावा लागू नये.

येत्या खरिपात माझे वावर या चाचणीसाठी देतो. बरड ते नाला, दोन्ही माती त्यात आहेत. गावातली आणखी काही वावरे मिळवून द्यायची जबाबदारी माझी. अट एवढीच, की चिठ्ठ्या सगळ्या कास्तकारांसमोर टाकायच्या, कापणीचे वजन धुऱ्यावरच करायचे आणि प्रत्येक पट्ट्याचा आकडा त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचा, तो चांगला निघो की वाईट.

आपला,
काटोल तालुक्यातील एक कोरडवाहू कास्तकार
मुक्काम नागपूर